चाळीस गणपतींचे डोळे राहिलेत

तीर्थरूप विमलताईस,

हमरापूरहून धाकट्या कमळाकरचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? माझं इथे सगळं ठीक आहे (हे पत्रात लिहावंच लागतं, मनावर घेऊ नकोस).

आधी कबुली देतो, म्हणजे रागावून मोकळी होशील. गेले चार गुरुवार मी रोह्याला येऊन गेलो आणि तुझ्या दारात आलो नाही. कारण ऐक. तुझी भावजय रोहिणी गेल्यापासून माझ्याच्याने डोळ्यांची आखणी होत नाही. अंगाचा रंग झाला, पितांबर झालं, पण डोळ्याशी ब्रश नेला की हात थांबतो. ती शेजारी बसून म्हणायची, "डावा वर गेला हाय." मी चिडायचो (तो कधीच वर गेलेला नसायचा). आता गणपती महिन्यावर आले नि घरात चाळीस मूर्ती बिनडोळ्यांच्या.

लेकीने, वैशालीने, फोनवरून हुकूम सोडला म्हणून पेणच्या समुपदेशकांकडे गेलो. सर सज्जन हो, पण हातात अठरा प्रश्नांचा छापील कागद. घरात बोलायला कोणी आहे का? म्हटलं, चाळीस जण. त्यांनी "चाळीस" लिहिलं, एकत्र कुटुंबाचं कौतुक केलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. तीनदा गेलो, तिन्ही वेळा कागदावर मी ठणठणीत!

मग कुणीतरी रोह्याच्या ऋतुजा मॅडमचं नाव सांगितलं. तिथेही तोच कागद, तेच अठरा प्रश्न. म्हटलं, झालं, साचा एकच! मी पुन्हा चाळीस सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं नि विचारलं, "त्यांतलं उत्तर कोण देतं?"

ताई, मी रडलो गो. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, तर त्याचा पिवळा रंग तोंडभर. असा तुझ्याकडे कसा येणार? (पुढचे तीन गुरुवार टॉवेल धुतलेला होता, पण तोंड तसंच होतं.) आपल्याकडेही एका साच्यातून शंभर मूर्ती निघतात, पण डोळे कुणी आखले ते लगेच कळतं. या लोकांचंही तसंच असेल.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
कमळाकर

ता. क. मॅडम म्हणाल्या, जवळच्या माणसाला पत्र लिहा, पाठवलंच पाहिजे असं नाही. मी पाठवतोय.

ता. क. दुसरा. रविवारी पेणला उतर, मी न्यायला येतो. शेजारी नुसती बस आणि मधूनमधून म्हण, डावा वर गेला. गेलेला नसला तरी म्हण. मी चिडेन, पण तू उठून जाऊ नकोस.