परसातली कळलावी

बेंबळी, १२ जून १९४६
अखेर पोचलो! निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या जकातवाल्यांनी माझी ट्रंक उचकली, तरी आनंदावर विरजण पडलं नाही. यांची इथल्या शाळेवर बदली झाली आणि गावाबाहेर ईरण्णांच्या मळ्यातलं घर भाड्यानं मिळालं. दोन खोल्या, मागं परस आणि परसात आपोआप फुटलेला कळलावीचा कोंब. सोलापूरच्या चाळीत तुळशीलाही जागा नव्हती. ईरण्णा म्हणाले, "बाई, त्या वेलीला पाणी घालू नगा. आपली आपण येती, आपली आपण जाती." कुणी नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. त्यांची पाठ फिरली आणि मी तांब्याभर पाणी घातलं.

८ जुलै
वेल कमरेएवढी झाली. पानांच्या टोकांना आकडे असतात, जे सापडेल ते पकडतात. तुराट्यांचा मांडव करून दिला. बुडाशी जमीन खचली आहे, तिथं शेणखत ओतलं. सोलापुरात प्लेग आहे, म्हणून माझं बाळंतपण इथंच. गंगम्मा सुईण पोट पाहून गेली, सगळं ठीक आहे म्हणाली. तरी जीव थाऱ्यावर नाही. सारखी परसात फेऱ्या मारते.

३ ऑगस्ट
पहिलं फूल आलं! पिवळं उमललं, आता लाल होत चाललंय. पण वेलीनं मांडव सोडला. ऊन सोडून ती खिडकीकडं वळली आहे. तिच्याजवळ गेलं की बाळ लाथा मारतं, घरात आलं की गप्प. यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. भारी राग आला.

१९ ऑगस्ट
दुपारी परसात बाजेवर डोळा लागला. जागी झाले तर कमरेभोवती पानांचे आकडे, लुगड्यात रुतलेले. सोडवताना रडू फुटलं.

गंगम्माला त्या वेलीबद्दल खोदून विचारलं. ईरण्णांची सून महादेवी बाळंतपणात अडली होती. कळलावीचं मूळ दोऱ्यानं कमरेला बांधलं की बाई सुटते. पण मूल झाल्याबरोबर ते सोडायचं, नाहीतर रक्त थांबत नाही. मूल रडेना म्हणून सगळे त्याच्याकडं धावले. "म्या इसरले, पोरी," म्हणाली आणि पदरात तोंड लपवलं. त्यांच्या लिंगायत रीतीनं महादेवीला बसवून पुरलं. याच परसात. मूळ कमरेलाच.

यांना काही सांगणार नाही. पुन्हा हसतील.

३० ऑगस्ट
खिडकी उघडत नाही. बाहेरून वेलीनं — पाणी कधीच बंद केलंय, तरी वाढते.

२ सप्टेंबर
सकाळपासून कळा. मूल अडलंय. गंगम्मानं यांना मूळ आणायला डोंगरात धाडलं. ओढ्याला पूर आहे — कसे जातील —

आले. इतक्या लवकर? हात चिखलानं काळे. गंगम्मा मूळ चिखलासकट बांधते आहे, धुवायला वेळ नाही —

मुलगी. रडली! मोठ्यानं रडली माझी पोर. गंगम्मा म्हणते, डोळे मिटू नगं, काय बी कर. म्हणून लिहिते. ती दोरा सोडते आहे.

हे दाराआडून विचारताहेत, परसातल्या मुळानं काम झालं ना. त्याला आधीच एक कुजका दोरा होता, तो तसाच राहू दिला —

गंगम्माचे हात थांबले. एक गाठ सुटली. खाली दुसरी आहे. तिचं टोक सापडत नाही. बाज भिजते आहे —

खिडकी उघडली. महादेवीला तर बसवून पुरलं होतं. मग ही उभी —