उसनं झंपर

सिल्लोड, ९ जानेवारी १९४१

प्रिय सगीरा,

आधी हसून घे, मग रागाव. तुझ्या झंपराच्या बाह्या मी कापल्या! होय, तेच, आपल्या ट्रेनिंगच्या मोठ्या बाईंसारखं, गळ्याशी बंद कॉलर आणि मनगटापर्यंत बाह्या. स्वतःसाठी हौसेनं शिवलेलं, पण पहिल्या नोकरीला मी मास्तरीण शोभावी म्हणून तू मला दिलंस.

आणि मी बयेनं काय केलं? झंपर त्यांच्यासारखं, तर शिकवणंही त्यांचंच! वहीतले त्यांचे धडे जसेच्या तसे म्हटले. त्या जिथं खाकरायच्या, तिथं मीही खाकरले. कॉलर इतकी ताठ, की कडेच्या पोरी दिसायच्याच नाहीत. महिन्याभरात तिसातल्या अकरा उरल्या. दिवाळीनंतर मुआयना होता, म्हणजे शाळा तपासायला साहेब येणार होते. साहेबांसमोर पोरी बोलल्या नाहीत तर शाळा बंद होणार होती. लई रडले गं, खोटं कशाला सांगू.

मग एकदा फळ्यावर लिहिताना बाही काखेत टर्रकन उसवली. तेवढ्यात दगडाबाई, दहा वर्षांची, कधी तोंड न उघडणारी, सुईदोरा घेऊन पुढं आली. म्हणे, हे तुमच्या मापाचं नायच बाई, काखेत दोन बोटं कमी हाय. झालं! सगळ्याच बोलायला लागल्या. पोरींनी वितीनं माझा दंड मोजला, मी बाह्या कोपरापर्यंत कापल्या, उरलेल्या कापडाच्या पट्ट्या काखेत घातल्या. बारा बोटांची वीत, चार बोटं म्हणजे तिसरा हिस्सा. महिनाभर न शिरलेले अपूर्णांक एका दुपारी शिरले. मोठ्या बाईंचे धडे वाईट नव्हते, त्यांना ते अंगासरशी बसायचे. मी मात्र ना माझं माप घेतलं होतं, ना पोरींचं.

गळालेल्या पोरी परतू लागल्या, मुआयन्याला चोवीस हजर. साहेबांनी पाव म्हणजे किती विचारलं, तर दगडाबाईनं त्यांच्याच शेरवानीच्या बाहीवर वीत ठेवून तीन बोटं मोजून दाखवली! माझा जीवच गेला. साहेब मात्र पोट धरून हसले. शाळा राहिली, सगीरा!

आता खरं कारण. शाळेला उर्दूसाठी दुसरी बाई मंजूर झालीय. मोठ्या बाईंसारखं आपल्याला जमायचं नाही, असं प्रत्येक पत्रात लिहीत तू वर्षभर घरी बसलीस. मी तुला न विचारता तुझं नाव देऊन टाकलंय. झंपर काही टपालानं यायचं नाही, ते न्यायला तूच ये. तुझं माप घ्यायला दगडाबाई सुई ओवून बसलीय.

तुझीच,
शैला