प्रतीक्षायादीत पहिली

३० जानेवारी २०२५

सापडलं! विद्यापीठाच्या नॅनोतंत्रज्ञान केंद्राच्या पानावर नवी बातमी. मोठा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आलाय आणि त्यावर काम करायला प्रकल्प सहायक हवाय. एकच जागा, तीन वर्षं. एम.एस्सी. भौतिकशास्त्र चालतं. वयाची अट पस्तीस. मला जूनमध्ये पस्तीस पुरी होतात — म्हणजे हीच शेवटची!

घरात कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

२ फेब्रुवारी

भाकरी थापत होते, तर तेजस्विनी मोबाईल घेऊन धावत आली. "ताई, बघा ना! विद्यापीठात जागा निघालीय!"

तीच जाहिरात! मी पिठाचे हात पुसले आणि पहिल्यांदाच बघतेय असं वाचलं.

माझी धाकटी जाऊ. सव्वीस वर्षांची. लग्नाला दीड वर्ष झालं. तिनं एम.एस्सी.च नॅनोत केलीय, शोधनिबंधही छापून आलाय. आणि मी? २०१३ सालचा पहिला वर्ग. मग लग्न, मुलगी, आणि मंचरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अकरावीला गतीचे नियम.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तिथंच लसूण सोलत होत्या. "रोज पुण्याला? अन् येताना अंधार पडला मंजी? उसात वाघ हाय."

"आत्या, हे येतील ना मला आणायला," तेजस्विनी म्हणाली. दीर लगेच, "यीन की. हायवेला उभा ऱ्हाईन."

झालं! मिटलं! अकरा वर्षांत माझ्यासाठी हायवेला कुणी उभं राहिलं नाही.

७ फेब्रुवारी

तिनं अर्ज तपासायला दिला. जन्मतारीख चुकली होती. दाखवली. आता वाटतं, कशाला दाखवली.

माझा अर्ज कॉलेजातल्या संगणकावरून पाठवून दिला.

१७ फेब्रुवारी

मुलाखत. घरी सांगितलं, राजगुरुनगरला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. पहाटेची एसटी धरली, म्हणजे तिची माझी गाठ नको. पण केंद्राच्या पायरीवर चढते न चढते तोच मागून, "अय्या, ताई! तुम्ही पण?"

वाटलं, जमीन दुभंगावी.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली! "मग सांगायचं नाही का? बरोबर आलो असतो की!" पिशवीतून तिनं शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला. मी खाल्ला.

व्हरांड्यातून एक काचेची खोली दिसते. आत पिवळा उजेड, पायापासून डोक्यापर्यंत पांढरे झगे घातलेली माणसं. मी काचेला नाक लावून उभी राहिले, लहान पोरांसारखी.

आत मला विचारलं, "सोन्याचे कण इतके बारीक केले की लाल का दिसतात?" येत होतं मला! रात्रंदिवस तेच वाचत होते. पण अर्धंच सांगितलं. मग एक बाई हळूच म्हणाल्या, "मधली अकरा वर्षं?"

तेजस्विनी अर्धा तास आत होती. दोनदा सगळे मोठ्यानं हसलेले ऐकू आले.

परतताना एकाच सीटवर बसून आलो. चाकणपर्यंत ती बोलत होती. नंतर माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपली.

२१ फेब्रुवारी

निवड — तेजस्विनी. प्रतीक्षायादीत पहिली — मी.

मीही अर्ज केला होता हे तिनंच घरात हसत सांगितलं, आणि पेढा आधी मला भरवला. घरात एकानंही विचारलं नाही, प्रतीक्षायादी म्हणजे काय. हे म्हणाले, "तुजं बी नाव आलंय की!" बस्स.

तिची गोरी बोटं, तिचं हसणं, तिचं ते 'ताई, ताई'. सगळं डोळ्यात खुपतं. मला माहीत आहे हे चूक आहे. माहीत असून खुपतं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळे जीपनं भीमाशंकरला गेलो. रांग लांबच लांब. तेजस्विनी आणि दीर पुढे, मी आणि आत्या मागे. आत्या पुटपुटत होत्या, "देवा, फुडच्या शिवरात्रीला नातू घिऊन यीन." मग मला म्हणाल्या, "त्या कामात करत्यात तरी काय गं?"

"आम्लं असतात. कसलीकसली रसायनं. वाफा निघतात."

"मग?"

"मग काही नाही. ज्यांना मूल व्हायचंय त्यांनी जरा जपावं, म्हणतात."

कोण म्हणतं? कुणीच नाही! वाफा ओढून घेणारी कपाटं तिथं आहेत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. आणि तिचं काम तर मायक्रोस्कोपवरचं. आत्यांनी हातातला बेल तेवढा घट्ट धरला.

देवासमोर डोळे मिटले. काही मागायला सुचलं नाही.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. कॉलेजात माझं भाषण — 'ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका'. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले तर आत्यांचा निकाल लागलेला. "पयलं लेकरू, मग नोकरी. अन् वाफंच्या कामाला तर न्हाईच न्हाई."

दीर मान खाली घालून बसला होता. आईपुढे त्याचं कधी काही चाललंय?

३ मार्च

वावरात बटाटा काढणी. तेजस्विनी माझ्या सरीत आली. डोळे सुजलेले. "ताई, तुम्ही सांगा ना आत्यांना. तुम्ही फिजिक्सवाल्या, तुमचं ऐकतात त्या. हे कुणी भरवलं हो त्यांच्या डोक्यात?"

"मोबाईलवर काहीतरी पाहिलं असेल," मी म्हणाले. "बघते. बोलते."

बोलले नाही.

१० मार्च

तिनं आज नकार कळवला. मेल लिहून झाल्यावर मलाच वाचायला दिली. "इंग्रजी बरोबर आहे ना, ताई?"

बरोबर होतं.

१२ मार्च

केंद्राचा फोन. "तुम्ही सोमवारी रुजू होऊ शकाल?"

आत्यांना विचारलं. मला वाटलं, आता मलाही अडवतील. पण म्हणाल्या, "जा की. तुजं लेकरू झालंय. तुला काय व्हतंय?"

तेजस्विनीनं मिठी मारली. मी हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

१७ मार्च

रुजू झाले! पांढरा झगा घातला. काचेच्या आत गेले. सोन्याचे कण पडद्यावर पाहिले — काळे, गोल, मोहरीसारखे पसरलेले. आनंद झाला. इथं खोटं कशाला लिहू? लई आनंद झाला.

मग सर म्हणाले, "त्या पहिल्या मुलीनं नकार का दिला, कळलं नाही. फार हुशार होती." झालं. दिवसभर तेच कानात. तिची जागा घेतली तरी मी दुसरीच!

१९ मार्च

आज पुन्हा तीच! सरांनी तिचा शोधनिबंध मला वाचायला दिला. म्हणे, उपयोग होईल. चांगला आहे. फारच चांगला आहे.

२४ मार्च

संध्याकाळी घरी आले तर तेजस्विनीच्या खोलीला कुलूप. दीरानं चाकणला भाड्यानं खोली घेतलीय. दुपारीच दोघं सामान घेऊन गेले. आत्या ओट्यावर बसल्या होत्या. "जाताना तिनं इचारलं, वाफंचं तुमाला कुणी सांगितलं? म्या तुजं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं की! पाया पडली अन् टेम्पोत बसली."

मी फोन लावला. वाटलं, उचलणार नाही. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोला, मॅडम," ती म्हणाली.