येते म्हणून गेले

प्रिय स्नेहा,

तुझी आणि बाळाची रोज आठवण येते. तुझ्या आईंना माझा जयभीम सांग. फोन कितीदा तरी हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. तू फोन उचललास की आधी हसतेस आणि मग बोलतेस. तुझं ते हसू ऐकलं असतं तर माझी गोष्ट घशातच राहिली असती. म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या हाती पाठवते आहे. प्रसेनजित बसस्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, 'ताई, स्नेहा दिवसभर तुमच्या दुकानाच्याच गोष्टी सांगून राह्यली.' ते ऐकून मला आणखीच अवघड झालं.

लग्नसराई सुरू झाली आहे. गिऱ्हाईक गादीवर बसतं, शेठ गल्ल्यावर बसतो, देवही देव्हाऱ्यात बसलेला आहे. उभं राहायचं ते फक्त आपणच. तू बाळंतपणाला गेलीस तेव्हा शेठ काय म्हणाला होता ते तुला आठवत असेल. मंजूनं दोन्ही काउंटर सांभाळले तरच स्नेहाची जागा राहील. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं. मग काय, इकडे शालू उलगडायचे आणि पळत जाऊन तिकडे सुती साड्यांच्या घड्या घालायच्या. संध्याकाळी केशरबाई केर काढताना माझ्या पायांकडे बघून म्हणायची, 'हे पाय होय का वांगे?' जरा भिंतीला टेकलं की कॅमेऱ्यात दिसायचं आणि शेठ गिऱ्हाइकांसमोर माझ्या नावानं ओरडायचा. एकदा एका नवरीच्या आईला माझी दया आली, तिनं स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. शेठनं गल्ल्यावरून उठून ते आत नेऊन ठेवलं. मी हसत हसत साडी दाखवत राहिले. घरी गेल्यावर मात्र माझा इतका संताप झाला की शिवमशी उगाच भांडले, नवरा तेवढा हाताशी होता.

तुला सांगितलं नव्हतं, पण मी दुसरीकडे काम बघत होते. शाळेचे गणवेश शिवायचं केंद्र निघालं आहे, तिथे एक जागा होती. पगार जवळजवळ तेवढाच. पण स्नेहा, काम बसून आहे. मशीनपुढचं ते साधं प्लास्टिकचं स्टूल बघून मला रडू आलं. हस खुशाल. तिथल्या बाईंनी मला लगेच ठेवून घेतलं, आणि दुकानातलं आवरून यायला महिनाभराची सवडही दिली.

आता शेठला सांगून सोडायचं की न सांगता, एवढंच ठरायचं होतं. शिवमचं म्हणणं सरळ होतं. 'सांगशीन त पगार बुडवीन तो. संध्याकाळी येतो म्हन, अन् दुसऱ्या दिवशी जाऊच नको.' वैभवीनं तेच केलं होतं ना? निघताना कुणी 'जातो' म्हटलं की केशरबाई झाडू थांबवून टोकते, 'जातो म्हनू नाई बाई, येतो म्हना.' वैभवीही तिला छान 'येते' म्हणून गेली आणि पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही. त्यानंतर शेठ आपल्या पिशव्या तपासायला लागला. आपण दोघींनी तिला किती शिव्या घातल्या. तू तेव्हा म्हणाली होतीस, 'सांगून त जाचं होतं तिनं. आपन काय तिले धरून ठेवलं असतं काय?'

तुझं तेच वाक्य माझ्या डोक्यात बसलं. शेठचं मला काही वाटत नव्हतं. मला तुझी भीती वाटत होती. मी न सांगता गेले तर स्नेहा मलाही वैभवीच्या रांगेत बसवेल, असं वाटायचं. म्हणून ठरवलं की सांगायचं. एक महिना आणखी उभी राहीन, तोवर तू येशील, तुझं काउंटर तुझ्या हाती देईन आणि मग निघेन. मनात सगळं इतकं नीट बसलं होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. सोमवारी सकाळी दिवाबत्ती झाल्यावर शेठसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं.

त्यानं आवाजही चढवला नाही. 'महिना कायले थांबतं? आजच हिशेब घे.' शिवमचा अंदाज साफ चुकला, शेठनं पगारातला एक रुपयाही कापला नाही. पाकीट पुढे करता करता म्हणाला, 'माह्या साळ्याच्या दोन पोरी हायेत. दोघीयले एकदमच ठेवतो. स्नेहाले तूच सांगून देजो, आता येऊ नको म्हनाव.'

स्नेहा, तुझी जागा गेली. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले आणि इथवर आले. ऐन लग्नसराईत मी न सांगता गेले असते तर शेठनं त्याच संध्याकाळी तुला फोन करून गयावया केली असती. वैभवी गेल्यावर, तुम्ही तरी थांबा म्हणून, आपल्याला नव्हती केली? मी शहाण्यासारखी सांगायला गेले, आणि त्याला विचार करायला सवड मिळाली. पण खरी बोच याहून वेगळी आहे. तो तुझं नाव घेत होता तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. स्नेहाला ठेवा, ती कामाला माझ्याहून चांगली आहे, एवढं तरी. मी गप्प पाकीट घेतलं. मनात एवढंच आलं की आता बसायला मिळेल. दारात केशरबाईला सवयीनं 'येते' म्हटलं. तू पुन्हा वाशिमला खोली घेणार होतीस, सासरी कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणत होतीस, हे सगळं मला रस्त्यात आठवलं. केंद्रात आता जागा नाही. एकच होती, तिच्यावर मी बसले आहे. मी उठते, तू बस, असं लिहावं म्हणून पेन बराच वेळ धरून ठेवला, पण खोटं लिहवत नाही. रविवारी गाडीनं जऊळक्याला तुझ्या माहेरी येते. तुला बोलायचं ते बोल, नाहीतर बाळ माझ्या मांडीवर दे आणि बोलूच नकोस. या वेळी 'येते' म्हणजे खरंच येते.

तुझीच म्हणवून घ्यायला कचरणारी,
मंजू