मानसीच्या प्रबंधातलं ते एक वाक्य

बोरीवली, शुक्रवार

प्रेमाताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत. आमसुलं पोचली. तुझा गुडघा कसा आहे?

मानसीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा सोमवारी. काल मला समोर बसवून तिनं तालीम केली. मला कळलं ते एवढंच: काही अखंड आकार इतके अवाढव्य असतात की हाताला लागत नाहीत. मग एक छोटा आकार निवडायचा. गणिताच्या एका ठरावीक भाषेत जे जे मांडता येतं, ते दोघांबद्दल सारखंच खरं हवं. मोठ्याचा प्रश्न मग त्या छोट्याला विचारायचा. झकास ना?

लिफ्ट दुरुस्त करून करून माझे कान तिखट झालेत, तुला ठाऊक आहे. एका वाक्याला तिचा आवाज दबला आणि ती भरभर पुढे गेली. मी सहज म्हटलं, "इथे एवढी घाई का गं?"

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, या वाक्यातला आकाराचा गुण त्या भाषेत मांडताच येत नाही. मग छोट्यावरून मोठ्याचं कसं ठरवलं मी? त्यावर उभं असलेलं अख्खं तिसरं प्रकरण गेलं."

तेव्हापासून नीट जेवलेली नाही. तू काळजी करू नकोस. फक्त गावात पेढ्यांचं बोलू नकोस. आणि देवाला गाऱ्हाणं घालशील तेव्हा पास कर म्हणू नकोस, पोरीला धीर दे म्हण.

हिचं म्हणणं, "परीक्षकांना कळणारही नाही, गप्प बस." मानसी आत्ता दार लावून तिच्या सरांना फोन करतेय: "सर, सोमवारची परीक्षा थांबवा. माझं चुकलंय."

मी बाहेर बसून ऐकतोय, ताई. आवाज दबलेला नाही.

तुझा,
दिगू