झोपेतच निघायचं

२८ ऑक्टोबर, मंगळवार

परत तेच केलं! दादा आणि वहिनी पहाटेच्या टेम्पोने कोपरगावकडे ऊसतोडीला गेले आणि त्यांची पोर झोपेत. काल जेवताना दादा तिला म्हणाला होता, "उद्या बाजारला जाऊन येतो, तुला जिलेबी." मी समोरच बसलो होतो. मला वाटलं खरंच बाजार करतील, मग तिला सांगून निघतील.

संस्कृती पाच वर्षांची आहे. वहिनीचा पदर मुठीत असल्याशिवाय तिला झोप येत नाही. तर वहिनीने मूठ हळूच सोडवली आणि आपली जुनी साडी तिच्या हातात दिली. आईने मोबाईलचा उजेड धरला. हे आई मला कौतुकाने सांगते. "जरा बी हालली न्हाई बघ."

सकाळी उठली तेव्हा साडी मुठीतच होती. ती ओढत ओढत दारापर्यंत गेली. दुसऱ्या टोकाला आई असेल असं वाटलं असणार.

आईला म्हणालो, सांगून जायला काय झालं होतं? "सांगितलं का पोर गाडीमागं पळतं. आपल्यात झोपंतच निघायची रीत हाय. मी आन तुजा बाप बी तसंच जायचो." एवढं बोलून भाकऱ्या थापायला बसली.

रीत म्हणे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

झोपत नाही. बसून राहते. डोळे मिटायला लागले की स्वतःला चिमटा काढते. आज आंघोळ घालताना आईला तिच्या मांडीवर लाल डाग दिसले.

आई म्हणते नजर लागली. मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. आम्हा सगळ्यांना ठसका लागला. नजर असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, असं आईच सांगते. मग? "आज न्हाई उतरली, उद्या परत काढू."

नजर नाही काही. पोर पहारा करते आहे. आपण झोपलो की माणसं जातात, हे तिला पक्कं कळलंय. मी शेतात जायला निघालो तरी माझ्या चपला घेऊन मागे बसते.

१ नोव्हेंबर, शनिवार

ती साडी गोठ्यात शेणात सापडली. संस्कृतीनेच टाकली. आईने तिला पाठीत धपाटा घातला. साडी मी धुऊन दोरीवर टाकली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पाथर्डीला मी कामाला असतो त्या फ्लेक्सच्या दुकानात आज एका वर्षाच्या पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. पोराच्या डोळ्यावर गॉगल, मागे सिंह. 'शुभेच्छुक' चुकीचा लिहून आणला होता, तो मी सुधारला. एवढ्याशा पोरासाठी बसस्टँडएवढा फ्लेक्स लावतात. आमच्या पोरीला एक वाक्य खरं सांगायला कुणाला तोंड नाही.

घरी आलो तर अंगणवाडीचा निरोप. संस्कृती एका मुलाला चावली. बाई म्हणाल्या, "लाड फार झालेत, दोन ठेवून द्या, सरळ होईल." आईने मान डोलावली. मी म्हणालो, तिची आई तिला न सांगता गेली आहे. बाई म्हणाल्या, "गावात निम्म्या पोरांच्या आया गेल्यात. सगळी चावतात का?"

 उत्तर आता घरी सुचतंय. बाकीच्यांचं काय होतं ते तुम्ही बघितलंय का? पण हे तिथे बोलायला हवं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

दादाचा फोन रोज संध्याकाळी येतो, हे संस्कृतीला कळू द्यायचं नाही. आई मोबाईल घेऊन गोठ्यामागे जाते आणि हळू बोलते. पोरीने विचारलं तर "मोबाईल बिघडलाय." काय घर आहे हे!

आज मी आईच्या हातातून फोन घेतला आणि सरळ पोरीच्या कानाला लावला. ती म्हणाली, "आई?"

पलीकडे कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं आणि फोन कट झाला. परत लावला तर बंद. संस्कृतीने फोन उलटा करून मागे बघितलं. मग मला दिला. म्हणाली, "बिघडलाय."

९ नोव्हेंबर, रविवार

सांगून टाकलं. आई पिठाच्या गिरणीत गेली होती. ओट्यावर बसवून म्हणालो, "आई-पप्पा बाजारला गेले नाहीत. ऊस तोडायला गेलेत. गुढीपाडव्याच्या पुढं येतील. तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं रडेल. तिने मला एक चापट मारली. मग म्हणाली, "मी तेल सांडलं म्हनून?"

दिवाळीत तिच्या हातून तळणाच्या तेलाचा डबा कलंडला होता. वहिनी ओरडली होती. तेव्हापासून हे पोर तेच धरून बसलंय! आपण सांडलं म्हणून आई गेली. आणि आम्ही मिरच्या जाळतोय.

"न्हाई गं, तेलाचं काही नाही. काम आहे म्हणून गेली."

"मी आता न्हाई सांडत."

मी गोठ्यामागे जाऊन पाण्याच्या ड्रमला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळं पडलंय. ड्रमचं काय चुकलं होतं म्हणा.

आईला कळल्यावर म्हणाली, "आता झुरंल पोर. लई शाना तू."

१७ नोव्हेंबर, सोमवार

चावणं थांबलं. झोप अजून नाही. आईशी रोज भांडण.

३ डिसेंबर, बुधवार

चुलत बहीण सुकन्याचं उद्या लग्न. टोळीच्या मुकादमाने दादा-वहिनीला तीन दिवसांची सुट्टी दिली, ते आज आले. वहिनीने दारातूनच हात पसरले. संस्कृती धान्याच्या कणगीमागे जाऊन उभी राहिली, बाहेर येईना.

वहिनी म्हणाली, "विसरली मला."

"विसरली नाही वहिनी. चिडली आहे."

दादा हसला. "एवढ्याशा पोराला कसला आलाय राग? भूक लागली आसंल."

संध्याकाळी मात्र जी वहिनीला चिकटली ती सुटली नाही. वहिनी परसाकडे गेली तरी दाराशी उभी.

५ डिसेंबर, शुक्रवार

लग्न पार पडलं. आज जेवताना दादा आईला हळूच म्हणाला, "पहाटं निगतो. तीच साडी ठिव काढून."

मी म्हणालो, "झोपेत निघालात तर मी तिला उठवीन. टेम्पोपर्यंत कडेवर घेऊन येईन."

दादा उठून अंगावर आला. "तू लगीन कर, चार पोरं होऊ दे, मग आमाला शिकीव. आकरावीतनं शाळा सोडलेला मास्तर!"

"तू रोज फोन करतोस आणि तिच्याशी एक शब्द बोलत नाहीस. तुला लाज नाही वाटत?"

"वाटती. म्हनून तर झोपंत जातो."

  वहिनी इतका वेळ खरकटी भांडी गोळा करत होती. म्हणाली, "भाऊजी, तिला काय सांगायचं? मला न्हाई जमायचं."

"जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. तिने तेल सांडलं म्हणून जात नाही, हेही सांगा. तिला तसंच वाटतंय."

आई मध्ये पडली. दादा शिव्या देत झोपायला गेला. पण न्याहारी करून निघायचं ठरलं.

६ डिसेंबर, शनिवार

वहिनीने तिला भाकरी-दूध भरवलं आणि सांगितलं. "मी चालले. ऊस तोडायला. पाडव्याच्या पुढं येईन. तू तेल सांडलं म्हनून न्हाई. तू माझी शानी हायस."

पुढचं लिहायचं जिवावर येतंय. संस्कृती वहिनीच्या गळ्याला पडली, सोडेना. दादाने एकेक बोट सोडवलं. मी तिला धरलं तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. टेम्पो वळेपर्यंत ओरडत होती. वहिनी मागे बसली होती, तोंड आमच्याकडे. खाली बघितलं नाही तिने, शेवटपर्यंत बघत राहिली.

अख्खी आळी बाहेर आली. शेजारच्या बनुबाई म्हणाल्या, "पोरीचा छळ मांडलाय का रं?" आई म्हणाली, "ह्येच पायजे हुतं ना तुला? बघ आता!"

मनगट सुजलंय. मला नक्की माहीत नाही मी बरोबर केलं का. पुस्तक वाचून केलेलं नाही. नुसता राग येत होता म्हणून केलं. राग येणं म्हणजे बरोबर असणं नव्हे.

७ डिसेंबर, रविवार

झोपली. काल संध्याकाळी रडून रडून जी झोपली ती आज ऊन अंगावर आलं तेव्हा उठली. चिमटा नाही, काही नाही. उठल्यावर म्हणाली, "आई ऊस तोडती." भाकरी मागून घेतली.

आई म्हणते, काल बनुबाईने नजर काढली म्हणून.

असू दे.

११ डिसेंबर, गुरुवार

वहिनी परत आली. एकटीच, एसटीने. म्हणाली, "भाऊजी, दरसाली झोपंत सोडून गेले. मी निगताना ती कशी रडती ते कदी बघितलंच न्हवतं. आता कोयता धरवत न्हाई मला." तोडीला जोडी लागते, एकट्याला काम नाही. दादाच्या जोडीला उद्या मी जायचं. दुकानात सांगून आलो.

मी उद्या जाणार हे संस्कृतीला मीच सांगितलं. तिने विचारलं, "पाडव्याच्या पुढं येनार?"

"व्हय."

"बरं," म्हणाली, आणि वहिनीकडे पाठ करून वेणी घालून घ्यायला बसली.