गर्डर माझा, चेनपुली त्याची

पुढील वस्तू मी स्वतःच्या हातांनी बनवल्या आहेत, त्यांबाबत कोणी वाद घालू नये : गाळा क्रमांक सातमधले लोखंडी टेबल, लेथचा टूलपोस्ट (मूळचा भिकार होता), घरातला पलंग, स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी, जी कुठल्याही वाऱ्याने आजवर उघडलेली नाही, आणि धाकट्या भावाच्या घराचे फाटक, जे आपण विकत आणले असे तो लोकांना सांगतो. गाळा सात आणि गाळा आठ यांच्या डोक्यावरून आरपार जाणारा लोखंडी गर्डर मी बनवलेला नाही. तो भंगारात वाकडा पडला होता. सरळ मी केला आणि वर मी चढवला. तेव्हा मधली भिंत नव्हती. फरक नीट लक्षात घ्यावा.

मी, गाळा सातचा मालक, धंद्याने टर्नर, वय चोपन्न, हे मृत्युपत्र माझ्या अक्षरात लिहीत आहे. मला माझे काम कोणी शिकवले नाही, पुस्तके वाचून मीच शिकलो, तेव्हा हे लिहायला कोणी पढवले असेल अशी शंकाही कोणी घेऊ नये. पुढच्या आठवड्यात माझी छाती उघडणार आहेत. डोके उघडणार नाहीत. ते ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर, त्यातले सामान आणि बँकेतली सर्व शिल्लक माझ्या पत्नीस. त्यातले काहीही तिने माझ्या भावाला 'थोडे दिवस' वापरायला देऊ नये. त्याने मागितल्यास "यांना विचारून सांगते" असे म्हणावे. आजवर म्हणत आली आहे, पुढेही चालेल.

कलम २. माझ्या सख्ख्या धाकट्या भावास हातड्रिल. ते त्याच्याकडेच आहे. शिडी, पकडींचा संच आणि पाण्याचा पंप हेही त्याच्याकडेच आहेत, तेही त्याला. एका आईच्या पोटी जन्मलो म्हणजे वस्तू परत करायच्या नसतात, अशी त्याची समजूत आहे. ती मोडायला मी आता जिवंत राहत नाही.

कलम ३. गाळा क्रमांक सात, लेथ, सर्व अवजारे आणि गर्डर हे सर्व माझ्या पत्नीच्या पहिल्या लग्नाच्या मुलीस. तिचे माझे रक्ताचे नाते नाही. ती मला बाबा म्हणत नाही. 'उस्ताद' म्हणते, तेही टोमणा मारायचा असेल तेव्हा. लेथवर तिचा हात माझ्याइतका बसलेला आहे. माझ्यापेक्षा बरा, असे ती म्हणते. ते मला मान्य नाही. हे कलम मी तिला आधी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुमचं भांडणही मलाच मिळणार?"

"भांडण कुठे देतोय? गाळा देतोय."

"गाळ्यात भांडण आलंच की, उस्ताद. भिंतीला लागूनच आहे ते."

तेव्हा त्या भांडणाबद्दल.

कलम ४. गाळा आठमध्ये एक फिटर आहे. तो शाळेत जाऊन हा धंदा शिकला आणि तिथले प्रमाणपत्र काचेत घालून दारासमोर टांगले. यापुढे या दस्तऐवजात त्याचा उल्लेख 'प्रमाणपत्र' असा केला जाईल. मधली भिंत बांधताना त्याने माझी चार बोटे जमीन खाल्ली. दोऱ्याने मोजून दाखवली तर म्हणाला, दोरा ताणला जातो. पुढे एका गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा पुस्तकी टर्नर आहे. पान उलटल्याशिवाय याचं मशीन फिरत नाही." त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. त्याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. माझ्या अंत्ययात्रेला तो आल्यास हाकलू नये, पण खुर्ची देऊ नये.

आता मुद्दा. गर्डर माझा, पण त्याचा अर्धा भाग प्रमाणपत्राच्या डोक्यावर. गर्डरवरून सरकणारी चेनपुली त्याची. माझा गर्डर नसेल तर त्याची पुली जमिनीवर पडलेला लोखंडाचा गोळा, आणि त्याची पुली नसेल तर माझा गर्डर म्हणजे कबुतरांची बैठक. त्याला पंप उचलायचे असतात, मला शाफ्ट. म्हणून भिंतीत छतापासून छातीपर्यंत दोन वितींची फट ठेवली आहे. संध्याकाळी ज्याचे काम शेवटी संपेल त्याने पुली फटीत आणून ठेवायची, म्हणजे सकाळी जो आधी येईल त्याला ती ओढून घेता येते. हा नियम कोणी केला नाही. आम्ही तर बोलतही नव्हतो. एके दिवशी त्याने पुली स्वतःच्या टोकाला बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी माझ्या टोकाला बांधली. तिसऱ्या दिवशी ती फटीत होती आणि मग तिथेच राहायला लागली.

माणसे स्वभावाने चांगली असतात म्हणून एकमेकांच्या उपयोगी पडतात, असे सांगणाऱ्याला मी गाळ्यात उभा करणार नाही. या रांगेत आणखीही जोड्या होत्या. तीन नंबरवाला भोळा. मागेल ते देत राहिला आणि चार नंबरवाला घेत राहिला. तीन बुडाला. मग चारला देणारे कोणी उरले नाही, तोही बुडाला. पाच आणि सहा सख्खे भाऊ. दोघेही तयारीचे, दोघेही पहिल्या दिवसापासून एकमेकांची वायर कापत. वर्षात दोघांची दारे बंद. उरलो आम्ही दोघे, ज्यांना एकमेकांचे तोंड पाहवत नाही. आम्ही शहाणे होतो म्हणून नव्हे. आमची रीत टिकली, बाकीच्यांची टिकली नाही, एवढेच. आज दुसरी पुली विकत घेण्याची माझी ऐपत आहे. घेणार नाही. त्याला वाटेल, मी घाबरलो.

कलम ५. मधे एकदा मोठा बिघाड झाला तो लिहून ठेवतो, म्हणजे मुलगी त्यातून बोध घेईल. एका सकाळी पुली फटीत नव्हती, त्याच्या टोकाला होती. दुपारी आली. माझी सकाळ वाया गेली. मी नियमाप्रमाणे त्या संध्याकाळी ती माझ्या टोकाला बांधली. फिटंफाट, असे मी समजलो. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःकडे बांधली. मग मी. मग तो. एक दिवस त्याचे काम अडायचे, एक दिवस माझे, आणि दोघेही समजत होतो की आपण फक्त परतफेड करतोय. गिऱ्हाइके दुसरीकडे जायला लागली. मुलगी एका दुपारी साखळी हातात धरून म्हणाली, "उस्ताद, ही कडी बघा. बाकीच्या काळ्याकुट्ट आणि ही एकटीच चकाकतेय. नवी आहे. त्या दिवशी साखळी तुटून पुली अडकली असणार त्याच्याकडे. त्याने मुद्दाम नव्हतं केलं."

"मग येऊन सांगायला जीभ झडली होती का त्याची?"

"तुम्ही बोलता का त्याच्याशी?"

"नाही."

"मग त्याने काय भिंतीला सांगायचं?"

त्या संध्याकाळी बांधून ठेवण्याची पाळी त्याची होती. सकाळी पाहतो तर पुली फटीत. पाळी असून त्याने सोडून दिली. हे त्याने माझ्या आधी केले, याबद्दल मी त्याला माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

कलम ६. आता हे मृत्युपत्र घाईने का लिहीत आहे ते. ऑपरेशनची गोष्ट मी घराबाहेर कोणालाही सांगितली नव्हती. भाऊ गाळ्यात आला आणि भाषण द्यावे तसे बोलायला लागला.

"दादा, छाती उघडायची म्हणजे काय खेळ आहे का? काही बरंवाईट झालं तर या गाळ्याचं काय? वहिनीला काय कळतंय त्यातलं? माझ्या नावावर करून मोकळा हो. मी बघतो ना सगळं."

"हळू बोल."

"का? कोण ऐकतंय इथे?"

फटीपलीकडे कानस चालू होती. ती थांबली.

या गाढवाने काय केले ते त्याला कधीच समजणार नाही, म्हणून इथे स्पष्ट करतो. प्रमाणपत्र रात्री पुली फटीत ठेवतो तो उद्या सकाळी मी येणार असतो म्हणून. मी उद्या त्याचे काय करू शकतो हे त्याला माहीत आहे, आणि तो माझे काय करू शकतो हे मला. ज्याला उद्या नाही त्याच्यासाठी कोण कशाला काही करील? मीही केले नसते. भावाने आरडून ओरडून पलीकडे कळवले की यांचे दिवस भरत आलेत. त्याच दुपारी जागा विकत घेणारा आला. रांगेतले बाकीचे गाळे त्याने आधीच घेतले आहेत, सात आणि आठ राहिलेत. माझ्याकडून निघाला तो सरळ आठमध्ये शिरला. त्याने काय देऊ केले ते शेवटच्या कलमात आहे.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. पुली फटीत होती. आकडा माझ्या बाजूला वळवलेला, साखळीला ताजे ग्रीस. याला कोणी माया वगैरे समजू नये. आपण सही केलेली नाही एवढेच त्याने कळवले होते, आणि माझी वाट पाहत होता. संध्याकाळी मी पुली फटीत ठेवली. आकडा त्याच्या बाजूला.

पण माझ्यानंतर कोण, हे त्याला कळल्याशिवाय हे फार दिवस टिकणार नाही. गाळा भावाकडे गेला तर तो तेराव्याची वाटही न पाहता सही करील, हे प्रमाणपत्र ओळखून आहे. मग प्रमाणपत्र भावाच्या आधी सही करायला धावेल आणि त्यात त्याची चूक नसेल. गाळा प्रमाणपत्रालाच द्यावा असे पत्नीने सुचवले. दिला तर त्याला समोर कोणी उरणार नाही आणि समोर कोणी नसले की तो काय करील ते मी चार बोटांवरून ओळखतो. म्हणून गाळा मुलीला. तिच्यापुढे अजून पुष्कळ सकाळी आहेत.

तिच्यावर अटी अशा : पहिल्या संध्याकाळी पुली फटीत ठेवावी, त्याने काय केले ते न पाहता. त्याने बांधली तर एकदाच बांधावी आणि पुढच्या संध्याकाळी सोडावी. चकाकणारी कडी आहे का ते आधी पाहावे. हुशारी करू नये. आपण काय करणार हे त्याला आपल्याआधी कळले पाहिजे. आणि धंदा बंद करायचा असेल तर कधी, ते त्याला शेवटपर्यंत कळू देऊ नये. त्याच्याशी बोलायला मनाई नाही, पण गरज पडू नये.

कलम ७. दोन साक्षीदार असे निवडले आहेत की ज्यांना या मृत्युपत्रातून दमडीही मिळत नाही. प्रमाणपत्र या अटीत चोख बसतो, हा एकच त्याचा गुण. मी फटीसमोरच्या टेबलावर सही करीन, तो पलीकडून पाहील. कागद आकड्याला अडकवून पलीकडे जाईल आणि त्याच वाटेने परत येईल. त्याला फक्त शेवटचे कलम आणि गाळा मुलीचा आहे एवढे वाचून दाखवले जाईल. बाकीची पाने दुमडून शिवलेली असतील. ती वाचणे त्याचे काम नाही.

कलम ८. जागा घेणाऱ्याने मला पुढीलप्रमाणे देऊ केले : दोघांपैकी जो आधी सही करील त्याला पूर्ण रक्कम, मागे राहील त्याला पंधरा लाख, घ्यायचे तर घ्या. आठवाला आजच सही करणार आहे, असेही त्याने सांगितले. मी नकार दिला. मला देऊ केलेली रक्कम रोख चाळीस लाख.

ठिकाण : गाळा क्रमांक सात, फटीपासून दोन हातांवर.
दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा सोमवार.
सही : टर्नर, गाळा सात.

साक्षीदार पहिला : रांगेसमोरचा कुलूपकिल्लीवाला. सही. माझ्यासमोर सही झाली. आतले वाचायला दिले नाही.

साक्षीदार दुसरा : फिटर, गाळा आठ. सही. पुस्तकीने सही केलेली फटीतून पाहिली. शेवटचे कलम ऐकले. मलाही तेच सांगितले होते की सातवाला आजच सही करतोय. मीही नाही म्हणालो. मला पंचेचाळीस देत होता.